घरातली सगळ्यात थंड जागा

मन्याच्या दुखण्याला आमच्या घरात नाव नव्हतं. "त्याचं ते" एवढंच आम्ही म्हणत असू. शेजारीण दारात येऊन विचारायची, "मन्या शाळेत नाई गेला का वं आज?" आणि आई सूत भरायचा रहाट न थांबवता सांगायची, "नाई, त्याचं ते आलं." मग शेजारीणही पुढे काही विचारायची नाही. ते आलं की कधी दोन दिवस राहायचं, कधी आठ. कधी गुडघ्यात यायचं, कधी पाठीत. अगदी लहान होता तेव्हा हातांच्या बोटांत यायचं आणि बोटं टम्म सुजायची. त्या सुजेतून उठला तेव्हा डाव्या हाताचं मधलं बोट वाढायचं थांबलं, ते आजही शेजारच्या बोटांपेक्षा आखूड आहे. आलं तसं एक दिवस ते निघून जायचं आणि मन्या गल्लीत विटीदांडू खेळायला पळायचा. काल ओरडत होता, आज पळतोय, म्हणून गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटायचं, पोरगं सोंग करतं. मी त्याची मोठी बहीण, पाच वर्षांनी मोठी, आणि खोटं कशाला लिहू, अधूनमधून मलाही तसंच वाटायचं.

आमचं घर लकडगंजच्या पलीकडे, कोष्ट्यांच्या वस्तीत. घर म्हणजे समोर एक लांबट खोली आणि मागे स्वयंपाकाची जागा. समोरच्या खोलीत दोन माग होते. एक बाबांचा चालता, दुसरा आजोबांचा, ते गेल्यापासून बंद. मागावर बसणाऱ्याचे पाय सोडायला जमिनीत खड्डा असतो. आमच्याकडे दोन्ही मागांना मिळून एकच लांब खड्डा होता, कमरेइतका खोल. बाबा त्याच्या काठावर बसत, पाय खाली सोडत आणि पायांनी खालच्या फळ्या दाबत. खट्, मग धप्, मग खट्. मागे आईच्या रहाटाची घरघर, ती मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची. या दोन आवाजांवर आमचं घर चालायचं. मी अभ्यास त्यातच केला, झोप त्यातच घेतली. माग थांबला की मी पुस्तकातून मान वर करायची, कारण माग थांबायची कारणं तीनच होती. धागा तुटला, जेवण वाढलं, नाहीतर मन्याचं ते आलं.

ते आलं की सगळं घर त्याच्याभोवती फिरायचं. आई त्याचे पाय मांडीवर घेऊन बसायची आणि चूल माझ्याकडे यायची. मी थापलेल्या भाकरीला एकही कड धड नसायची आणि बाबा ती काही न बोलता खायचे. आईचं माहेर उमरेडला, इतकं जवळ, पण तिला मी कधी दोन दिवस सलग माहेरी राहिलेलं पाहिलं नाही. जायची ठरली की नेमकं त्याचं ते यायचं. एकदा मला फार वाटलं की आपल्यालाही कोणी मांडीवर घ्यावं. मी पोट दुखतं म्हणून लोळण घेतली. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, तळहातावर चिमूटभर ओवा आणि मीठ ठेवलं आणि म्हणाली, "हे खा अन् शाळेत जाय." मी गेले. आजारी पडायची जागा आमच्या घरात एकच होती आणि ती भरलेली होती. हे मी आता हसत लिहिते. तेव्हा रस्ताभर रडले होते.

मन्याचे डोळे पिवळसर असायचे, अंग बऱ्याचदा कढत लागायचं. त्यावरून घरात एक गोष्ट पक्की ठरली होती की पोराच्या अंगात उष्णता आहे. कोणी डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं की ते वाताचं औषध देत, ते संपेपर्यंत दुखणंही संपत आलेलं असायचं. उष्णता हे आमचं आम्हीच ठरवलेलं. आणि नागपूरच्या मे महिन्यात बसून दुसरं काय सुचणार? मग त्याला थंड करायचा आमचा उद्योग सुरू व्हायचा. सब्जा भिजवून द्यायचा, आंबील द्यायची, डोक्यावर कांदा ठेवायचा, दुखणाऱ्या गुडघ्यावर ओलं फडकं. आंघोळ माठातल्या पाण्यानं. ते पाणी अंगावर पडलं की तो शहारायचा आणि आई म्हणायची, "पाह्य, कशी उष्णता निघून राहिली." उन्हाळ्यात दुखणं हमखास वाढायचं. वाढलं की आम्ही आणखी थंड करायचो.

आणि थंड करायला आमच्यासारखं घर वस्तीबाहेर कोणाचं नव्हतं. उन्हाळ्यात सूत कोरडं पडून कडकतं, पटापट तुटतं, म्हणून विणकराच्या घरात जमीन ओली ठेवावी लागते. खड्ड्याच्या भिंतींवर पाणी शिंपडायचं, दाराला गोणपाट टांगून ते भिजवायचं. हे काम माझं. सकाळी एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा. बाहेर डांबर पाघळत असायचं आणि आमच्या खड्ड्यात उतरलं की पायांना गारवा लागायचा. ती आमच्या घरातली सगळ्यात थंड जागा. आजोबा गेल्यावर त्यांच्या बाजूचा अर्धा खड्डा रिकामाच होता. एका उन्हाळ्यात बाबांनी तिथल्या फळ्या काढल्या, खाली दुहेरी गोणपाट अंथरलं, त्यावर आईचं जुनं लुगडं घातलं आणि मन्याला उचलून त्यात ठेवलं. "इथं राय गा राजा," म्हणाले. "इथं ऊन तुले शोधत आलं तरी सापडनार नाई." घरात जे सगळ्यात चांगलं होतं ते त्यांनी लेकराला दिलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. त्यानंतर सलग तीन उन्हाळे ती मन्याची जागा झाली.

तो दिवस तिसऱ्या उन्हाळ्यातला. मन्या अकरा वर्षांचा, मी सोळा पूर्ण. आई पापडाच्या लाट्या घेऊन शेजारी गेली होती. बाबा विणत होते. मी दुपारचं पाणी शिंपडायला बादली घेऊन खड्ड्याच्या त्या टोकाला वाकले, तर मन्या पोटाशी पाय घेऊन पडला होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "इकडं नको शिंपडू. मले थंडी वाजून राहिली."

"मे महिन्यात कोनाले थंडी वाजते का रे?"

"वाजते. हाडात वाजते."

मला हसू आलं. मी त्याच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ चांगलं तापलेलं. झालं, अंगातली उष्णता. मी टॉवेल बादलीत बुडवला, पिळला आणि त्याच्या गुडघ्यांभोवती गुंडाळला. त्यानं पाय मागे घेतले, पण मी धरून ठेवले. मोठी बहीण होते ना.

"बाबाले नको सांगजो," तो म्हणाला.

"काय नको सांगू?"

"थंडीचं. त्यायनं किती मेहनतीनं जागा करून देली."

मी नाही सांगितलं. त्यानं सांगू नको म्हटलं म्हणून, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नाही म्हणूनही. वरती बाबांचा माग चालू होता. मी बादली घेऊन मागे गेले.

चार वाजायच्या सुमारास मन्या ओरडला. त्याचं ओरडणं आम्हाला माहीत होतं, पण हे ते नव्हतं. माग थांबला, आणि बाबा खड्ड्यात उडीच मारून त्याच्याजवळ गेले. छाती दुखते म्हणत होता, श्वास पुरत नव्हता, ओठांचा रंग गेला होता. आई पिठाच्या हातांनी धावत आली. बाबांनी त्याला उचललं, मी कोपऱ्यावरून सायकलरिक्षा आणली आणि आम्ही त्या उन्हातून मोठ्या दवाखान्यात गेलो. रिक्षात बाबा त्याच्या डोक्यावर उपरण्याची सावली धरून होते आणि दर थोड्या वेळानं ते उपरणं ओलं करायला मला सांगत होते. मी करत होते. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं पुण्याकडचं, हालचाल भराभर. त्यांनी मन्याला नळ्या लावल्या, बोटातून रक्त घेतलं, आणि त्या ओल्या उपरण्याकडे पाहून ते आधी काढून टाकलं. अंगावर कोरडी चादर घातली, वर घोंगडी. मेच्या दुपारी घोंगडी! आई माझ्याकडे बघायला लागली, पण बोलायची कोणाची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी, मन्याचा श्वास जरा सुधारल्यावर, त्यांनी आम्हा तिघांना खाटेशेजारी बसवलं आणि दुखण्याचं नाव सांगितलं. सिकलसेल. आजवर नाव नसलेल्या गोष्टीला एकदम इंग्रजी नाव मिळालं. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि शेजारी एक विळा. रक्तातल्या गोल पेशी याच्या अंगात अशा विळ्यासारख्या होतात, म्हणाल्या, आणि रक्ताच्या बारीक नळीत अडकतात. जिथे अडकतात तिथे दुखतं.

आईनं विचारलं, "हे कोनाकून आलं जी? माझ्याकून का त्यायच्याकून?"

"दोघांकडून, अर्धं अर्धं," बाई म्हणाल्या. "एकट्याकडून आलं असतं तर तो असा आजारी पडला नसता. यात चूक कोणाचीच नाही." आईनं पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं ती मनातल्या मनात सगळं आपल्याच नावावर मांडत आली होती, हे मला त्या क्षणी समजलं.

मग बाईंनी लिहायला कागद पुढे ओढला आणि बाबांना म्हणाल्या, "काल सकाळपासून काय काय झालं ते सांगा. काहीही सोडू नका."

बाबा सांगायला लागले. ते अभिमानानं सांगत होते. पोराची आम्ही किती काळजी घेतो हे या शिकलेल्या बाईला कळावं, असं त्यांना वाटत होतं. माठातल्या पाण्याची आंघोळ सांगितली, ओली फडकी सांगितली. खड्डा सांगितला, त्यातली जागा कशी केली तेही सांगितलं. "आमच्या घरात त्याहून थंड जागा नाई जी," म्हणाले. "मी सोता त्याच्यासाठी करून देली."

बाईंचं पेन थांबलं होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि अगदी हळू, आवाज न चढवता सांगितलं की या मुलांना गारठा चालत नाही. गार पाण्यानं, ओल्या जागेनं बारीक नळ्या आखडतात आणि त्या पेशी आणखी अडकतात. त्याला उबदार ठेवायचं, कोरडं ठेवायचं, प्यायला भरपूर पाणी द्यायचं. "पाणी पोटात, अंगावर नाही," असं त्या म्हणाल्या. बाबा ऐकत होते. समजत होतं की नाही कोण जाणे. मग बाईंनी विचारलं, "त्याला त्या जागेत थंडी वाजते असं तो कधी बोलला नाही?"

"नाई जी," बाबा म्हणाले. "कधीच नाई. बोलला असता तर..."

मन्या डोळे मिटून पडला होता. तो जागा आहे हे मला त्याच्या पापण्यांवरून कळत होतं. मी गप्प बसले असते तर ती गोष्ट आमच्या दोघांतच राहिली असती आणि बाबांना निदान एवढं तरी म्हणता आलं असतं की पोरगं बोललंच नाही. पण बाई वाट पाहत होत्या आणि कागदावर लिहायला थांबल्या होत्या. तिथे खोटं लिहिलं गेलं तर मन्याच्या औषधात खोटं जाईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं.

"म्हनला होता," मी म्हणाले. "मले म्हनला होता. थंडी वाजते म्हने. बाबाले सांगू नको म्हने."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं मी मागे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "कितीक वेळा म्हनला?"

"एकदाच," मी म्हणाले.

ते खरं नव्हतं. त्या उन्हाळ्यात तो तीनदा म्हणाला होता. पहिल्या दोन वेळा मी ऐकलंही नव्हतं नीट, काम करता करता हूं म्हणून पुढे गेले होते. हे मी बाबांना पुढे कधीच सांगितलं नाही, आईलाही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मन्या दवाखान्यात नऊ दिवस होता. आई त्याच्याजवळ राहिली, मी डबा घेऊन जायची. तिसऱ्या दिवशी डबा न्यायला घरी आले तर दारात मुरमाची बैलबंडी उभी. बाबा खड्डा बुजवत होते. चालता माग त्यांनी सोडवून भिंतीला लावला होता, अर्ध्या विणलेल्या लुगड्याची गुंडाळी खुंटीवर टांगली होती, आणि एकटेच घमेल्यानं मुरूम आत टाकत होते. मी ते धावत जाऊन आईला सांगितलं. शेजारणीला मन्यापाशी बसवून ती संध्याकाळी घरी आली, दारातूनच म्हणाली, "अवो, माग काहून मोडता? लेकराले मागं चुलीपाशी झोपवू."

"ज्या जागेनं त्याले असं केलं, ते जागा मले घरात नाई पायजे," बाबा म्हणाले.

"अन् मंग करनार काय?"

"लकडगंजात लाकडाच्या पेठेत काम भेटते. कोरडं काम आहे."

आईनं घमेलं त्यांच्या हातातून काढून घ्यायला पाहिलं, त्यांनी दिलं नाही. मग तिनं पदर खोचला आणि दुसरं घमेलं उचललं. मीही हातानं माती लोटली. तिघांनी मिळून तो खड्डा भरला, धुमसानं ठोकून सपाट केला, वरून शेणानं सारवला. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करते. जणू माझ्या हातून झालेलं आम्ही त्यात पुरून टाकत होतो.

मन्याला घरी आणलं त्या दिवशी आईनं गोळाभात केला होता, भातात डाळीच्या पिठाचे गोळे, वर गरम फोडणीचं तेल. खोली कोरडी ठणठणीत होती. खड्ड्याच्या जागी खाट, खाटेवर गोधडी. बाबा दारात उभे होते, काहीतरी भेट आणली आहे आणि ती आवडेल की नाही, अशा चेहऱ्यानं. मन्या आत आला आणि थांबला. त्यानं पायानं जमीन चाचपली. मग त्याच्या ओठांचा आकार बदलला आणि तो रडायला लागला. इतक्या सुया टोचल्या तेव्हा रडला नव्हता एवढा.

"खड्डा काहून बुजवला?"

"अरे, तिथं तुले थंडी वाजे ना?" आई म्हणाली.

"वाजे."

"मंग?"

"पन तिथून बाबाचे पाय दिसत."

मग हुंदके देत देत त्यानं सांगितलं. खड्ड्यात पडलं की वरचं काही दिसत नसे, फक्त पलीकडच्या टोकाला बाबांचे पाय दिसत, फळ्यांवर वरखाली होणारे. दुखत असलं की तो त्या पायांकडे बघत राहायचा. डावा, उजवा, डावा, उजवा, असं मोजत राहिलं की दुखणं जरा लांब जायचं. "मले कोनी विचारलंच नाई," तो म्हणाला. "तिथं ठेवलं तवाही नाई विचारलं. आता बुजवलं तवाही नाई विचारलं."

बाबा खाली बसले. ज्या जमिनीवर दोन दिवस घाम गाळला होता तिच्यावरच, भिंतीला टेकून. त्यांचे पाय समोर पसरलेले होते. रुंद पावलं, दुसरं बोट अंगठ्याहून लांब. माझेही तसेच आहेत. जोडवी घालायच्या दिवशी सगळ्या बायकांनी त्यावरून हसून घेतलं होतं. बाबांनी मन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे गा तुझं. मंग आता सांग. तुले काय पायजे?"

आमच्या घरात मन्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. तो रडायचा थांबला. त्यालाही सवय नव्हती.

"माग पायजे," तो म्हणाला. "वरतं मांडा. खड्डा नको."

जमिनीवर चौकट उभी करून माग मांडता येतो, हे बाबांना माहीत होतं. बऱ्याच जणांकडे होते तसे. त्यांनी लकडगंजातून सागाची जुनी लाकडं आणली आणि महिनाभर ठोकाठोक करून तो माग उभा केला. अडचण दुसरीच होती. जमीन कोरडी ठेवायची म्हणजे सूत तुटणार. आणि तुटायचंच. पहिल्या दिवशी खट्, धप् आणि थांबला. पुन्हा खट्, धप्, थांबला. आई मागून म्हणाली, "असं तर एक लुगडं व्हाले दिवाळी येईन." तेव्हा मन्या दारातल्या उन्हात बसला होता, अंगात स्वेटर, हातात पाण्याचा गडू. तो उठला, मागाशी गेला आणि तुटलेली दोन टोकं चिमटीत धरून त्यानं गाठ मारली. इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागू नये. त्या आखूड राहिलेल्या बोटावर धागा कसा कोण जाणे अगदी बरोबर बसायचा. बाबा बघत राहिले. "आनखीन एक तुटला," ते म्हणाले, आणि मला अजून वाटतं की तो त्यांनी मुद्दाम तोडला होता.

तेव्हापासून घराचा आवाज बदलला. माग दर थोड्या वेळानं थांबायचा आणि आता मी पुस्तकातून मान वर करत नसे. धागा तुटला आणि मन्या जोडतोय, एवढंच. जास्त दुखत असलं की तो पडून राहायचा, दारातल्या खाटेवरून त्याला बाबांचे पाय दिसायचे, आणि तुटलेले धागे त्याची वाट पाहत तसेच लोंबायचे. बाबा शाळेत गेले, गुरुजींसमोर हात जोडून उभे राहिले आणि पोराला मधेच पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ द्यावं म्हणून विनंती केली. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा माझ्या वर्गात पाण्याला उठणाऱ्या पोराला मी कधीच बसवलं नाही. बाकी गोष्टींसाठी भरपूर छड्या दिल्या, ते माझे विद्यार्थी सांगतील. आणि सकाळी चहाच्या आधी बाबा मन्याला विचारायचे, "कसं आहे गा आज?" तो सांगायचा, आणि त्या दिवशी घर त्याप्रमाणे चालायचं. बरं आहे म्हणाला तर आई त्याला अडवायची नाही, मग भर उन्हात क्रिकेट का खेळेना. तिला ते फार जड जायचं. एकदा तिनं मला सांगितलं की त्याच्या दुखण्याच्या दिवसांपेक्षा त्याचे बरे दिवस सोसायला तिला कठीण जातात.

माझ्याही रक्तात ते अर्धं निघालं. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा बाबांनी आलेल्या मंडळींना चहा देऊन सरळ सांगितलं, "पत्रिका मागून पाहू जी, आधी पोराचं रक्त तपासून या." दोन स्थळं चहाचा कप अर्धा ठेवून गेली. तिसरा तपासून आला. त्याच्याशी मी चाळीस वर्षं संसार केला आणि आमच्या भांडणांत दुसरं काहीही निघो, हे कधी निघालं नाही.

आईबाबा आता नाहीत. वस्तीतले मागही गेले, आमचा सगळ्यात शेवटी गेला. मन्या साठी ओलांडून पुढे आला आहे. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा आईला बाजूला घेऊन वयाचं जे काही सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पुढे. औषधं चांगली आली. खुब्याचं हाड झिजलं, त्याचं ऑपरेशन झालं, काठी आली. अजूनही त्याचं ते येतं. आता त्याला नाव आहे, फाइल आहे, पण आम्ही दोघं असलो की "त्याचं ते" असंच म्हणतो.

परवाच्या मेमध्ये दवाखान्यातून सुटून तो प्रतापनगरला माझ्याकडे आठ दिवस राहायला आला. रिक्षा दारात थांबली तशी मी धावत जाऊन कूलर बंद केला, खिडक्या लावल्या, गोधडी काढून ठेवली. तो दिवाणावर आडवा झाला, काठी भिंतीला लावली, आणि पाचेक मिनिटांनी म्हणाला, "ताई, कूलर काहून बंद केला वं?"

"तुले थंडी वाजते म्हनून."

"मले विचारलं?"

सत्तरीची बाई मी, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलेली, आणि माझी पुन्हा तीच चूक. मला ती बादली आणि तो टॉवेल आठवला. मी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मन्या, तू त्या उन्हाळ्यात मले तीनदा सांगितलं होतं. एकदा नाई."

"मालूम आहे," तो म्हणाला. "मोजलं मीनंही."

"मंग कधी बोलला काहून नाईस?"

"तूनं सांगितलं ना बाबाले. मले तर तेवढीही हिंमत नाई झाली." मग थोडा हसला. "आता विचार."

"कसं आहे गा आज?"

"बरं आहे. लई गरम होऊन राहिलं. कूलर लाव, इकडं तोंड नको करू त्याचं." मी लावला, तोंड भिंतीकडे केलं. परत येऊन बसले तर तो कुशीवर वळला होता, डोळे अर्धे मिटलेले, जमिनीकडे बघत.

"तुझे पाय अगदी बाबासारखे आहेत वं," तो म्हणाला.

मी साडीचा काठ जरा वर घेतला आणि पाय त्याला दिसतील असे पुढे ठेवले. मग हळूच डावा उचलला, मग उजवा.